जुन्या पेठेतल्या अरुंद प्लॉटवर दुकानांची इमारत: शिथिलता कशात मिळते आणि कशात मागूच नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावच्या जुन्या बाजारपेठेत वडिलोपार्जित धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर आहे. जागा रस्त्यावर ४.८० मीटर रुंद आणि आत २२.५० मीटर खोल. ते पाडून खाली दुकान आणि वर दोन मजले ऑफिस-दुकानं करायची आहेत. नकाशा दाखल केला तर नगररचना विभागाकडून त्रुटीपत्र आलं: बाजूचं आणि मागचं सामासिक अंतर (हद्द आणि इमारत यांच्यामध्ये सोडायची मोकळी जागा) कमी, जिना १.२० मीटरच, इमारतीचा पुढचा ०.७५ मीटर भाग रस्तारुंदीत, चटई क्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून मोजलं जाणारं बांधकाम) जास्त आणि पार्किंग नाही. लागूनचा तेवढाच तुकडा चुलतभावाचा आहे. प्रश्नकर्त्यांनी विचारलंय, "समोरच्या इमारतीला सूट मिळाली, मग कमिटीपुढे प्रकरण ठेवून मलाही सगळ्यात शिथिलता मिळेल का?"

सगळ्यात नाही मिळणार. पण तुमचं काम होण्यासारखं आहे. पाच त्रुटी एकाच अर्जात कोंबून "विशेष बाब म्हणून मंजूर करावे" असं लिहिलंत तर मिळण्यासारखी सूटही जाईल, कारण या पाच गोष्टी एका जातीच्या नाहीत.

आधी 'कमिटी'बद्दल. आपल्याकडे अशा प्रकरणांसाठी वेगळं मंडळ बसत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नियोजन प्राधिकरण म्हणजे महापालिका किंवा नगरपरिषद. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत शिथिलतेचा अधिकार प्राधिकरणाला 'विशेष परवानगी' म्हणून दिलेला आहे. विशेष परवानगीचे अधिकार खालच्या अधिकाऱ्याला सोपवता येत नाहीत, म्हणून जळगाव-धुळ्यात अशा प्रकरणावर शेवटची सही आयुक्तांची होते. अमळनेर, चोपडा, शिरपूरसारख्या नगरपरिषदांत मुख्याधिकारी निर्णय घेतात आणि तांत्रिक बाबतीत नगररचनेच्या शाखा कार्यालयाचा अभिप्राय मागवला जातो. म्हणजे तुमची नस्ती (फाइल) कनिष्ठ अभियंता, नगररचनाकार, सहायक संचालक अशी वर चढत जाते आणि प्रत्येक जण तिच्यावर टिपणी लिहितो.

ती टिपणी हाच सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. नियमावलीचं म्हणणं थोडक्यात असं: विशिष्ट प्रकरणात स्पष्टपणे दाखवता येईल अशी अडचण असेल तर प्राधिकरण लेखी कारणं नोंदवून नियमातली मापं बदलू शकतं. मात्र त्याने आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना बाधा येता कामा नये. चटई क्षेत्र निर्देशांक आणि रस्त्याच्या हद्दीपासून सोडायचं अंतर, या दोन गोष्टींत नियमातच वेगळी तरतूद नसेल तर शिथिलता देता येत नाही. यातला 'लेखी कारणं' हा शब्द लक्षात ठेवा. अधिकाऱ्याला तुमच्याबद्दल कितीही सहानुभूती असो, कागदावर मांडता येईल असं कारण नसेल तर तो सही करणार नाही, आणि करूही नये. ते कारण त्याला तुमच्या नकाशातून आणि तक्त्यातून जसंच्या तसं उचलता आलं पाहिजे.

अडचण जागेची हवी, मालकाची नव्हे. "तीन भावांचं कुटुंब आहे, कर्ज काढलंय, एवढ्या जागेत धंदा परवडत नाही" ही कारणं खरी असली तरी नियमाच्या भाषेत अडचण ठरत नाहीत. "प्लॉटची रुंदी ४.८० मीटर आहे, नियमाप्रमाणे अंतर सोडल्यावर आत इतके मीटर उरतात आणि त्यात दुकान बसत नाही" ही अडचण ठरते.

आता तुमच्या पाच त्रुटी. रस्त्यापासून सुरू करू.

रस्तारुंदीची रेषा. समोरचा रस्ता जागेवर साडेसात मीटर आणि विकास योजनेत नऊ मीटर आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण मीटर जाणार. तुमची ४.८० × ०.७५ म्हणजे ३.६० चौरस मीटर जागा त्यात जाते. यात सूट मागूच नका. अर्जात ही मागणी दिसली की टिपणीचा सूर पहिल्याच पानावर बिघडतो. उलट ही जागा सोडतो असं स्वतःहून लिहून द्या. रस्त्यासाठी दिलेल्या जागेचा मोबदला टीडीआरच्या (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) किंवा उरलेल्या प्लॉटवर चटई क्षेत्राच्या रूपात मागण्याची सोय नियमावलीत आहे, तो अर्ज सोबतच करा. मात्र आधी एक पडताळणी करून घ्या. रस्त्याची रुंदी विकास योजनेतून आली आहे की महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आखलेल्या रस्तारेषेतून, ते भाग नकाशावर शिक्क्यासह घ्या. जुन्या पेठांत या दोन रेषा नेहमी एकावर एक पडतातच असं नाही. नकाशा एका रेषेवर काढला आणि जोतं तपासणीला आलेल्या अभियंत्याकडे दुसरी असली, तर पुढचा कॉलम तोडायची वेळ येते. कोपऱ्याचा प्लॉट असेल आणि बाजूचा बोळ साडेचार मीटरहून अरुंद असेल, तर बोळाच्या मध्यरेषेपासून २.२५ मीटर सोडावं लागतं, तेही आत्ताच मोजून घ्या.

रस्ता सोडल्यावर तुमच्याकडे ४.८० × २१.७५ म्हणजे १०४.४० चौरस मीटर उरतात. पुढचा सगळा हिशेब याच मापावर करायचा. मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्र आणि मोजणीत आलेलं क्षेत्र वेगळं असेल तर कमी असेल ते धरलं जातं. म्हणून भूमी अभिलेखकडून ताजी मोजणी करून घ्या. जुन्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या असतात आणि हद्द भिंतीच्या आत आहे, बाहेर आहे की मधोमध, हे तुमच्या आजोबांना माहीत असलं तरी कागदाला माहीत नसतं.

चटई क्षेत्र. इथेही शिथिलता नाही, पण गरजही बहुधा पडत नाही. जिना, पॅसेज, बाल्कनी हे सगळं आता चटई क्षेत्रात मोजलं जातं, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. त्याची भरपाई म्हणून नियमावलीत अनुषंगिक म्हणजे जोडीचं जादा चटई क्षेत्र अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळतं: निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत, अनिवासी वापराला ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे तुमचं अनुज्ञेय क्षेत्र समजा १५० चौरस मीटर धरलं, तर दुकानांसाठी आणखी १२० चौरस मीटरपर्यंत मागता येतं. रस्ता पुरेसा रुंद असेल तर त्याआधी अधिमूल्याचं आणि टीडीआरचं क्षेत्रही मिळू शकतं. तुमच्या वास्तुविशारदाने क्षेत्रफळाच्या तक्त्यात हे रकाने भरलेत का ते बघा. बऱ्याच त्रुटीपत्रांत 'चटई क्षेत्र जास्त' हा शेरा केवळ तो रकाना कोरा राहिल्याने आलेला असतो. अधिमूल्य भरून मिळणाऱ्या गोष्टीसाठी शिथिलतेचा अर्ज करणं म्हणजे उघड्या दाराला कुलूप लावून किल्ली शोधत बसणं.

जिना. दुकानांच्या इमारतीतल्या सामाईक जिन्याला दीड मीटर रुंदी लागते. पायरी ३० सेंटिमीटरची आणि उंची जास्तीत जास्त १५. तुम्ही जिना १.२० दाखवलाय आणि त्यात सूट मागायचा विचार आहे. माझं स्पष्ट मत आहे की मागू नका. जिना ही अग्निसुरक्षेची बाब आहे आणि शिथिलतेच्या तरतुदीतच ती वगळलेली आहे. पण त्याहून मोठं कारण साधं आहे. साडेचार मीटर रुंदीच्या, वीस मीटर खोल इमारतीत वरच्या मजल्यावरच्या माणसाला बाहेर पडायला दुसरी वाटच नसते. कापडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या दुकानात धूर झाला तर तीस सेंटिमीटरचा फरक म्हणजे दोन माणसं शेजारी-शेजारी उतरू शकतात की नाही, एवढा असतो.

जागेत जिना बसतो का, ते मोजून बघू. मजल्याची उंची ३.६० मीटर धरली तर १५ सेंटिमीटरच्या २४ चढत्या पायऱ्या होतात. वळणाचा जिना केला तर बारा-बारा, म्हणजे एका बाजूला ११ पायऱ्या × ०.३० = ३.३० मीटर, वर दोन्ही टोकांना दीड-दीड मीटरचे सपाट टप्पे (लँडिंग). लांबी ६.३०, रुंदी ३.००. तुमच्या जागेत दोन्हीकडच्या २३ सेंटिमीटरच्या भिंती वजा केल्या तर आत ४.३४ मीटर मिळतात. म्हणजे हा जिना पुढे ठेवला तर दुकानाच्या तोंडाला १.३४ मीटर उरतात, धंदाच संपला. मागे ठेवला तर रस्त्यापासून जिन्यापर्यंत दीड मीटरचा बोळ दुकानातून काढावा लागतो. त्यापेक्षा बाजूच्या भिंतीला लागून सरळ जिना घ्या: ३.३० + १.५० + ३.३० = ८.१० मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. मधल्या १५ सेंटिमीटरच्या भिंतीसह दुकानाला तोंडाशी २.६९ मीटर स्वच्छ रुंदी उरते, आणि जिन्याच्या वरच्या अर्ध्या भागाखाली दुकानाचं कोठार बसतं. कोणतीही सूट न मागता हा बसतो. तोटा एकच, दुसऱ्या मजल्याला जायचं तर पहिल्या मजल्यावर पुन्हा पुढे यायला दीड मीटरचा पॅसेज द्यावा लागतो.

सामासिक अंतरं. तुमची खरी, दाखवता येणारी अडचण इथे आहे आणि सगळी ताकद इथेच लावायची. तुम्ही बाजूचं आणि मागचं दोन्ही अंतर शून्य मागितलंय. इथेच प्रकरण कमकुवत होतं.

अडचणीला दिशा असते. तुमचा प्लॉट रुंदीला अडचणीत आहे, खोलीला नाही. बाजूला दीड मीटर सोडलं तर बाहेरून ३.३० आणि भिंती वजा जाता २.८४ मीटर उरतात. त्यातून दीड मीटरचा जिना काढला की दुकान राहत नाही. हे गणित कुणीही नाकारू शकणार नाही. पण मागच्या बाजूला तुमच्याकडे २१.७५ मीटर खोली आहे. तिथे तीन मीटर सोडले तरी १८.७५ मीटरची इमारत उभी राहते. मग मागे शून्य का, याचं उत्तर 'जास्त जागा हवी' याशिवाय दुसरं नाही आणि टिपणी लिहिणाऱ्याला ते लगेच दिसतं. म्हणून मागचं अंतर पूर्ण सोडा आणि बाजूचं शून्य मागा. कमीत कमी सूट मागणाऱ्याची मागणी खरी वाटते, कारण ती खरी असते.

मागची मोकळी जागा वाया जात नाही. उजेड-वारा तिथूनच येणार आहे. बाजूच्या भिंती हद्दीवर आल्या की त्यांना खिडकी ठेवता येत नाही, साधं व्हेंटिलेटरसुद्धा नाही. १८.७५ मीटरच्या इमारतीचा मधला भाग अंधारा राहतो, तिथे उभी हवापोकळी द्या. स्वच्छतागृहासाठीची पोकळी दहा मीटर उंचीपर्यंत किमान १.२ चौरस मीटर आणि ०.९ मीटर रुंद असावी, इमारत उंच झाली की माप वाढतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे प्रत्येक गाळ्याला एसी येणारच. त्याचं बाहेरचं युनिट कुठे बसणार, हे नकाशातच ठरवा. ते नंतर हद्दीवरच्या भिंतीवर शेजाऱ्याच्या गच्चीकडे तोंड करून लटकतं आणि तिथून तक्रारी सुरू होतात. मागच्या मोकळ्या जागेकडे किंवा गच्चीवर त्यांची जागा दाखवा.

शेजाऱ्याचा विचार आणखी दोन कारणांसाठी करावा लागतो. पहिलं, दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याची खिडकी तुमच्या जागेकडे उघडते का ते बघा. वीस वर्षं अखंड उपभोगलेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याखाली दिवाणी न्यायालयात मागता येतो. महापालिकेने दिलेली शिथिलता हा हक्क पुसत नाही. परवानगी हातात असूनही काम मनाई हुकुमाने थांबू शकतं. तशी खिडकी असेल तर तिच्यासमोरच तुमची हवापोकळी आणा आणि शेजाऱ्याशी लेखी समजूत करून घ्या.

दुसरं कारण पायाचं. तापीच्या खोऱ्यात खाली काळी माती, आणि शेजारचं जुनं घर मातीच्या किंवा विटांच्या भिंतीवर, ज्याचा पाया बहुधा उथळ असतो. शून्य अंतरावर तुम्ही त्याच्या शेजारी दीड-दोन मीटर खोल चर एका दमात उकरला तर पहिल्या मोठ्या पावसात ती भिंत तुमच्या खड्ड्यात येते. इमारतीची मजबुती ही शिथिलतेची अट असल्याने स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नुसतं प्रमाणपत्र नको, खोदाईची पद्धत लिहिलेली नोंद अर्जासोबत जोडा: हद्दीलगतची खोदाई सव्वा-दीड मीटरच्या तुकड्यांत, एक सोडून एक, शेजारच्या भिंतीला टेकू, हद्दीवरचे फूटिंग आपल्याच जागेत राहतील असे एकांगी (एकाच बाजूला पसरलेले) आणि आतल्या कॉलमना स्ट्रॅप बीमने (जोडणाऱ्या तुळईने) बांधलेले, दोन्ही इमारतींत किमान पाच सेंटिमीटरची फट आणि तिच्यावर पत्र्याचं झाकण. हे झाकण विसरलं तर फटीतून पाणी उतरून शेजाऱ्याची भिंत फुगते. काम सुरू करण्याआधी शेजारच्या घराचे तारीख असलेले फोटो काढा, आधीच्या भेगांसकट.

पार्किंग. मोटारीला २.५ × ५ मीटर, दुचाकीला १ × २ मीटर. तुमच्या आतल्या ४.३४ मीटरमध्ये चार दुचाक्या शेजारी बसतात. मोटार आत घेतली तर दुकान जातं, हीसुद्धा रुंदीचीच अडचण. लहान प्लॉटवरच्या दुकानांना आणि दाटवस्तीला पार्किंगच्या तक्त्यात सवलती आहेत आणि त्यात वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून आजचा तक्ता विभागातूनच तपासून घ्या. त्यानंतरही जे कमी पडेल तेवढंच शिथिलतेत मागा आणि दुचाक्यांसाठी प्रत्यक्ष जागा दाखवा. 'पार्किंग: निरंक' असा नकाशा घेऊन जाऊ नका.

याच ओघात रॅम्प. जोतं ४५ सेंटिमीटर ठेवलं तर १:१२ च्या उताराला ५.४० मीटर लांबी लागते, तुमच्या प्लॉटची रुंदीच ४.८०. जोतं ३० वर आणलं तर ३.६० मीटरमध्ये भागतं. पण समोरच्या गटाराची आणि रस्त्याची पातळी बघूनच, नाहीतर पावसाचं पाणी दुकानात येईल. पायऱ्या आणि ओटा रस्तारेषेच्या बाहेर एक बोटभरही दाखवू नका.

आता चुलतभावाच्या तुकड्याकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

दोन्ही तुकडे मूळच्या ९.६० मीटरच्या एकाच मिळकतीचे असणार. नगररचना विभाग पहिला प्रश्न हाच विचारेल की वाटणी कधी झाली आणि ती मंजूर करून घेतली होती का. नुसत्या नोटरीवर किंवा अलीकडच्या वाटणीपत्रावर तुकडा पडला असेल तर अरुंदपणा तुम्ही स्वतः तयार केलेला ठरतो, आणि स्वतः निर्माण केलेल्या अडचणीवर सूट देणं कुठल्याही प्राधिकरणाला जड जातं. मिळकत पत्रिकेवर जुन्या नोंदीने पोटहिस्सा वेगळा असेल तर तो फेरफार उतारा अर्जाला पहिल्या पानावर लावा. धुळ्यात आग्रा रोडला समांतर असलेल्या गल्ल्यांत अशा जुन्या, अरुंद आणि खोल मिळकतींच्या रांगा आहेत. तिथे हा मुद्दा सहज सिद्ध होतो. जळगावच्या पेठेत प्रत्येक प्लॉटचा इतिहास वेगळा, म्हणून कागद लागतो.

पण वेगळे लढण्याऐवजी दोघांनी एकत्र प्रस्ताव दिला तर काय होतं ते बघा. आतली रुंदी ९.१४ मीटर. मधोमध दीड मीटरचा पॅसेज, मागे एकच वळणाचा जिना. पॅसेजच्या दोन्हीकडच्या १५ सेंटिमीटरच्या भिंती धरून प्रत्येकाच्या दुकानाला तोंडाशी ३.६७ मीटर मिळतात. एकट्याने बांधलं तर २.६९. म्हणजे प्रत्येकाला जवळजवळ एक मीटरचं तोंड जास्त, आणि बाजारपेठेत दुकानाचा भाव तोंडावरच ठरतो. दुसरा जिना वाचल्याने दर मजल्यावर जागाही मोकळी होते. दोघांमधलं सामासिक अंतर हा प्रश्नच उरत नाही. हवापोकळी, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, विजेचं पॅनेल एकदाच. शिथिलता फक्त बाहेरच्या दोन बाजूंची मागायची. आणि एका मजल्याचं बांधकाम ५०० चौरस मीटरच्या खूपच आत राहत असल्याने, क्षेत्राच्या निकषावर व्यापारी इमारतीला लागणारे 'विशेष इमारती'चे जास्त कडक नियमही लागत नाहीत. अग्निशमन विभाग सांगेल ती साधनं मात्र बसवावीच लागतील, आणि २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे ती चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं.

एकत्र यायला भाऊबंदकी आडवी येते, हे मला माहीत आहे. म्हणून बोलणी तोंडी ठेवू नका. कोणाचा कोणता गाळा, पॅसेज आणि जिना सामाईक, गच्चीचा हक्क कोणाचा, खर्च कसा, एकाला विकायचं असेल तर दुसऱ्याला आधी विचारायचं का, हे सगळं नोंदणीकृत करारात घ्या आणि मग एकत्रीकरणाचा अर्ज भूमी अभिलेखला करा. जुने भाडेकरू असतील तर त्यांच्या पुनर्वसनाचा करारही याच वेळी करावा. भाडेकरूचा हरकत अर्ज आला की नस्ती हमखास थांबते.

चुलतभाऊ तयार नसेल तर एकट्याने जा, पण तसं पत्र त्याला देऊन त्याचं उत्तर जोडा. एकत्र येण्याचा प्रयत्न करूनही मार्ग निघाला नाही, हे नोंदीवर आलं की तुमची अडचण आणखी ठोस होते.

समोरच्याला सूट मिळाली, या मुद्द्याबद्दल. तो वापरा, पण बेताने. त्याची परवानगी नियमात असेल आणि त्याच्या प्लॉटची रुंदी तुमच्याइतकीच असेल तर मंजूर आदेशाची प्रत माहिती अधिकारात काढून जोडा, समान न्यायाची मागणी योग्य आहे. ती परवानगीच चुकीची असेल किंवा त्याने परवानगीबाहेर बांधलं असेल तर उल्लेखही करू नका. दुसऱ्याला चुकून मिळालेली सवलत आपल्यालाही द्या, असा हक्क सांगता येत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा स्पष्ट केलंय.

अर्जात दोन नकाशे जोडा. पहिला नियमाप्रमाणे सगळी अंतरं सोडून काढलेला, ज्यात उरलेली २.८४ मीटरची पट्टी लाल रंगात दिसेल. दुसरा तुमचा प्रस्ताव. नकाशासोबत एक तक्ता: बाब, नियमाप्रमाणे माप, प्रस्तावित माप, कमी पडणारं माप, कारण, आणि सुरक्षिततेसाठी केलेली उपाययोजना. प्रत्येक ओळीत कारण एका वाक्यात. दोन्ही शेजारच्या इमारतींसह रस्त्याचा आडवा छेद द्या, म्हणजे शून्य अंतराने त्या गल्लीत काही नवीन घडत नाही हे न सांगता दिसतं. सोबत मिळकत पत्रिका, मोजणीची क प्रत, झोन दाखला, भाग नकाशा, चारही बाजूंचे फोटो, स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंद आणि अग्निशमनचा अभिप्राय. ऑनलाइन प्रणालीत शिथिलतेचा रकाना वेगळा भरा. तो कोरा राहिला तर संगणक नकाशा नियमांशी ताडून पुन्हा त्याच त्रुटी काढतो.

मुदतीबद्दल एक गैरसमज सांभाळा. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद कलम ४५ मध्ये आहे. पण ती पूर्णपणे नियमात बसणाऱ्या बांधकामालाच लागू होते. शिथिलतेवर अवलंबून असलेलं बांधकाम साठ दिवस मोजून सुरू केलं तर ते अनधिकृतच ठरतं आणि कलम ५२ पासूनची कारवाई होऊ शकते. लेखी आदेश येईपर्यंत जुनं घर पाडायचीही घाई करू नका.

शिथिलता मंजूर झाली की हार्डशिप प्रीमियमचं, म्हणजे सवलतीसाठी भरायच्या शुल्काचं, चलन येतं. त्याचा दर प्राधिकरण ठरवतं आणि तो बहुधा रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या दराशी जोडलेला असतो, म्हणून दर कोणत्या वर्षाचा लावलाय ते चलनावर तपासा. नामंजूर झालं तर कलम ४७ खाली आदेश मिळाल्यापासून चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. त्याआधी नामंजुरीची कारणं नीट वाचा. कारण 'मागचं अंतर सोडता येणं शक्य आहे' असं असेल तर अपिलापेक्षा सुधारित नकाशा लवकर मंजूर होतो.

परवानगी एक वर्षाची असते, मुदत संपण्याआधी नूतनीकरण मागावं लागतं. शिथिल केलेली मापं आणि अटी मंजूर नकाशावरच छापून घ्या, नुसत्या पत्रात ठेवू नका. आणि जागेवर आखणी करताना मागचं तीन मीटरचं अंतर गिलाव्यानंतर मोजलं जाणार आहे, हे मिस्त्रीला सांगा. भिंतीच्या जाडीतला फरक, गिलावा आणि टाइल्स मिळून चार-पाच सेंटिमीटर सहज जातात. म्हणून आखणीच ३.०५ वर धरा. भोगवटा प्रमाणपत्राच्या तपासणीला आलेला माणूस टेप त्या तयार भिंतीलाच लावतो.